तिसऱ्या मजल्याचे सात खांब

त्या दिवशी सकाळी साडेसातला फोन वाजला आणि अप्पांचं नाव दिसलं. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलाकडे राहतो. चहा घेत होतो. अप्पा लातूरला, आणि ते आपणहून सकाळी कधी फोन करत नसत. आमच्यात एक ठरून गेलेलं होतं. अलीकडे आमच्या भागात अधूनमधून जमीन हलते, गुरगुरते. असं काही झालं की मी फोन करायचा आणि त्यांनी सांगायचं, ‘उभी हाय.’ एवढंच. त्या सकाळी नांदेडात काही हललं नव्हतं. मग लातूरला हललं असेल, असं मनात आलं. पलीकडून त्यांच्या पत्नी, महानंदावहिनी, बोलत होत्या. ‘भावजी, हे गेले. बाथरूमला उठले ते तिथंच...’ मी विचारलं, ‘आणि इमारत?’ त्यांना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, अप्पा गेले म्हणून. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की इमारत उभी आहे, फक्त अप्पा गेलेत. आणि मला हायसं वाटलं. चाळीस वर्षांचं व्यवहारी आयुष्य मी पाहिलं, पण स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

मन्मथअप्पा, माझे बांधकामातले भागीदार, त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले. त्यांच्यावर लोकांनी बरंच चांगलं लिहिलं, ते वाचून बरं वाटलं. पण एका लेखात आणि शोकसभेतल्या एका भाषणात जी ओळ आली ती मला झोपू देत नाही. ‘शेवटी शेवटी अप्पांचं कामावरचं लक्ष उडालं, सी विंगचं काम हलकं झालं, पण माणूस मोठा होता.’ सभेत मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. लातूरच्या आमच्या शेवटच्या प्रकल्पातलं ते सी विंगचं काम अप्पांनी केलेलं नाही. ते मी केलं. हा लेख त्यासाठी आहे.

आमची ओळख किल्लारीच्या भूकंपानंतरची. मी तेव्हा नव्या वसलेल्या गावांच्या बांधकामावर सुपरवायझर होतो आणि अप्पांचं लातूरला गंजगोलाईत पत्र्याचं दुकान होतं. माणसं मैदानात पत्रे उभे करून महिनेच्या महिने राहत होती. ज्यांची घरं धड होती तीसुद्धा आत जात नव्हती. दगडी भिंत आणि वर मातीचं माळवद, अशा घरांत पिढ्या गेलेल्या माणसांना आता छताखाली श्वास कोंडल्यासारखं होई. मी सरकारी कामासाठी पत्रा घ्यायला गेलो, तर अप्पा गिऱ्हाइकाला पत्रा विकायचं सोडून त्याच्याशी वाद घालत होते. ‘पत्र्यात किती दिस राहशील बा? उन्हाळ्यात लेकरं भाजून निघतील.’ तो म्हणाला, ‘भाजूद्या. दबून तर मरणार न्हाईत.’ अप्पा माझ्याकडं वळले. ‘साहेब, तुम्ही शिकलेले. ह्येला झोप लागंल असं घर बांधता येतं का न्हाई?’ मी म्हणालो, येतं. खांब आणि बीम नीट असतील, सळई योग्य असेल, काँक्रीट पोटभर पाणी प्यालं असेल तर येतं. ‘मग आपण बांधू,’ अप्पा म्हणाले. मला वाटलं दुकानदाराचं बोलणं आहे. पंधरा दिवसांनी ते मला शोधत साइटवर आले.

‘थारा कन्स्ट्रक्शन’ अशी सुरू झाली. पहिली चार घरं रेणापूरला. जागा अप्पांच्या मामांची, डोकं माझं, आणि गवंडी आम्हा दोघांना शिव्या देणारे. त्या काळी खांबांभोवती आम्ही इतकी सळई बांधायचो की गवंडी म्हणायचे, ‘ह्या घराला भूकंप आला तर भूकंपच मोडंल.’ घर विकत घेणारा माणूस किंमत शेवटी विचारायचा. आधी विचारायचा, पडणार नाही ना? या प्रश्नाला अप्पांनी तोंडानं कधी उत्तर दिलं नाही. त्यांनी एक रीत पाडली. खांबांच्या साच्याच्या फळ्या निघाल्या की प्लास्टर करण्याआधी घर घेणाऱ्या कुटुंबाला बोलवायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात हातोडी द्यायची आणि म्हणायचं, ठोकून घ्या. बाजारात माठ घेताना ठोकून बघतात तसं. म्हाताऱ्या बाया आधी लाजायच्या, मग एकेका खांबापाशी जाऊन कान लावून ठोकायच्या. टणक, भरीव आवाज आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते पाहायला अप्पा दुकान बंद ठेवून यायचे. या रीतीला आमच्याकडं ‘ठोकणी’ असंच नाव पडलं. रेणापूरची चार घरं झाली, मग लातूरला बंगल्यांची रांग, मग नांदेडला अपार्टमेंट. मुलांना इंजिनिअरिंगला घेऊन आलेले आईबाप विष्णुपुरीच्या बाजूला फ्लॅट घेऊ लागले, तिथं आम्ही पाच इमारती उभ्या केल्या. कंपनीला ऑफिस झालं, लिफ्टवाला माणूस झाला, टाय घातलेला मॅनेजर झाला. अप्पा मात्र पांढरा शर्ट आणि कपाळावर भस्म, तसेच राहिले. मॅनेजर एकदा म्हणाला, ‘अप्पा, ठोकणी आता जुनी वाटते, ब्रोशर छापू.’ अप्पा म्हणाले, ‘छाप. पण त्येला ठोकून आवाज येतो का बघ.’

आमचं यश लोकांच्या भीतीवर उभं होतं हे मला तेव्हा जाणवत नव्हतं. अप्पांना जाणवत होतं. एकदा नांदेडहून परत येताना गाडीत म्हणाले, ‘गंगाधर, लोक आपल्याकडून घर घेत न्हाईत. झोप घेतात. त्यात खोट निघाली तर आपल्याला नरकात पण जागा मिळायची न्हाई.’ मी हसलो होतो.

लातूरचा शेवटचा मोठा प्रकल्प तीन विंगांचा. ए आणि बी पूर्ण झाल्या, सी विंगचा दुसरा मजला चढला आणि तो उन्हाळा आला. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. त्याच सुमारास अप्पांचं हृदयाचं ऑपरेशन हैदराबादला झालं. तीन महिने त्यांना प्रवास मनाई होती. त्यांनी दवाखान्यातून फोन करून सांगितलं, ‘सी विंग थांबव. पाण्याशिवाय काँक्रीट घालायचं न्हाई. लोकांना म्या सांगतो, उशीर होईल.’ मी हो म्हणालो. आणि थांबवलं नाही.

का थांबवलं नाही, याची बरीच कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितली. कामगार गावी निघून जातील, परत येणार नाहीत. सळई उन्हात गंजेल. पण खरं कारण साधं आहे. कंपनी अप्पांच्या नावानं ओळखली जायची आणि मला दाखवायचं होतं की अप्पा नसताना गंगाधर एक मजला चढवू शकतो. वय पासष्टीला टेकलेलं होतं आणि डोक्यात हे. तिसऱ्या मजल्याचे बारा खांब. पहिले पाच भरले तेव्हा टँकर मिळाला. उरलेले सात पुढच्या आठवड्यात भरले. काँक्रीट भरलं की त्याला पाणी पाजावं लागतं, खांबाला ओलं गोणपाट गुंडाळून दोन आठवडे ते सुकू द्यायचं नाही, तरच ते आतून घट्ट होतं. हे मी हजार वेळा लोकांना समजावून सांगितलेलं. त्या सात खांबांना पहिले दोन दिवस पाणी मिळालं. तिसऱ्या दिवशी टँकर फाटकात आला तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, ‘साहेब, तुमच्या भिताडाला पाजवता, आमी काय पिऊ?’ मी टँकर त्यांना मोकळा करून दिला. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. लोक कौतुक करतात. मात्र मी कधी न सांगितलेला भाग असा की बायकांना पाणी दिलं ते एकच दिवस. नंतर टँकर आलाच नाही, आणि मी तो मिळवायला धडपडलोही नाही. त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात ते सात खांब कोरडे उभे राहिले. गोणपाट वाळून कडक झालं होतं, हात लावला की भुगा पडायचा. दहाव्या दिवशी मी वरच्या स्लॅबची तयारी सुरू केली.

आणि तपासणीचं काय, असं वाचक विचारतील. काँक्रीट घालताना त्याच मालाचे छोटे ठोकळे भरून ठेवतात आणि चार आठवड्यांनी प्रयोगशाळेत दाबून बघतात. आमचेही भरले होते. ते ठोकळे साइटवरच्या हौदात पाण्यात बुडवून ठेवलेले असतात, त्यांना पाणी कितीसं लागतं... चार बादल्या. ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात राहिले, उत्तम निघाले. खांब मात्र त्यांच्यासारखे कधी नव्हतेच. तो अहवाल खरा होता आणि मी तो अप्पांशी खोटं बोलण्यासाठी वापरला. सोबत पाणी मारल्याचं रजिस्टर होतं, त्यावर चौदा दिवसांच्या माझ्या चौदा सह्या. एका दुपारी एकाच पेनानं केलेल्या.

अप्पा परत आले तोवर मी तिसऱ्या मजल्याला प्लास्टर करून घेतलं होतं. ठोकणीला माणसं जमली. एका शिक्षकाच्या आईनं हातोडी मारली, प्लास्टरचा आवाज आला, तिला वाटलं छान. अप्पा एका खांबापाशी बराच वेळ उभे राहिले. ‘इतक्या लवकर प्लास्टर का रं?’ मी म्हणालो, ताबा द्यायची तारीख जवळ आली अप्पा. दीडएक वर्षानं जिन्यात आणि तिसऱ्या मजल्याच्या दोन घरांत खांबांना उभ्या भेगा दिसल्या. केसाएवढ्या. प्लास्टरच्याच असतील, मी म्हणालो, आणि असूही शकतील. हे आजही मी ठामपणे सांगू शकत नाही. अप्पांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं. ‘गंगाधर, एकदाच इचारतो. पाणी मारलं होतं का?’

‘मारलं होतं अप्पा. रजिस्टर आहे, ठोकळ्यांचा अहवाल आहे.’

‘ते कागद म्या बघितलेत. तुला इचारायलो.’

‘मारलं होतं.’

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बँकेतल्या कारकुनाला ए विंगमधला मोठा फ्लॅट त्याच भावात दिला आणि त्याचा फ्लॅट स्वतः घेतला. बंगला सोडून नवराबायको तिथं राहायला आले. लोकांनी याचे नाना अर्थ लावले. मुलाशी पटत नाही, धंदा बसला, म्हातारपणी साधेपणाची हौस आली. परवाच्या लेखातही ‘आपणच बांधलेल्या साध्या फ्लॅटमध्ये राहणारा बिल्डर’ असं आलं. साधेपणा नव्हता तो. ज्या छताखाली त्यांनी लोकांना झोप विकली होती त्या छताखाली ते पहारा करायला गेले होते. भेगांवर त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. भेग रुंदावली की काच तडकते, ही जुनी युक्ती. सोसायटीतली पोरं त्यांना काचवाले आजोबा म्हणायची. मोठी माणसं म्हणायची, अप्पांनी सिमेंट खाल्लं, आता काचा लावत बसलेत. त्यांच्या कानावर हे यायचं. ते कुणालाच उत्तर देत नसत, आणि मी नांदेडला निघून आलो होतो.

अप्पांना देव करायचा नाही मला. त्यांनी खांब फोडून तपासायला हवे होते, ते त्यांनी केलं नाही. एकदा फोनवर म्हणाले, ‘तपासायला माणूस आणला की चोवीस घरांची किंमत मातीमोल हुईल. आन् काही निघालंच न्हाई तर?’ मी म्हणालो, बरोबर आहे. तेही घाबरले होते आणि मीही, फक्त ते आत राहून घाबरत होते. एखाद्या दिवशी बातमी यायची, सौम्य धक्का, नुकसान नाही. माझ्या मुलाच्या स्वयंपाकघरात टांगलेली उलथणी एकमेकांवर वाजायची. सून हसून म्हणायची, ‘बाबा, गेलं पण ते.’ माझं गेलेलं नसायचं. मी फोन लावायचो आणि रिंग वाजत असताना डोळ्यांपुढं तिसरा मजला दिसायचा, त्या मजल्यावर चौथा, आणि गच्चीवरच्या पाण्यानं भरलेल्या टाक्या.

अप्पांना माती दिली त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलोच नाही, स्मशानातून परस्पर नांदेडला आलो. शोकसभेनंतर मात्र गेलो. वहिनी एकट्याच होत्या, मुलगा पुण्याला परतला होता. त्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. ताट माझ्यापुढं तसंच होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. या लेखात लिहिलंय त्याच क्रमानं, टँकरवाल्या बायकांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, यांना ठाऊक होतं. तसं काही झालं नाही.

‘म्हंजे म्या सात वर्षं ह्या खांबाखाली झोपले,’ त्या म्हणाल्या, ‘आन् तुम्ही तिकडं गोदावरीच्या काठाला.’

‘हो वहिनी.’

‘माझी नात सुटीत हितं यायची. हितं, ह्या फरशीवर झोपायची. तवा तुम्हाला फोन करावा वाटला न्हाई?’

त्यांनी पदर खोचला, ताट उचललं, माझ्यापुढचा सुशीला झाकून ठेवला. ‘उठा. समोरचं दार वाजवा. माझ्यापुढं रडून काय उपेग न्हाई भावजी, त्यांना सांगा.’

समोर तेच शिक्षक राहतात, ज्यांच्या आईनं ठोकणीला हातोडी मारली होती. आई आता नाहीत. शिक्षकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांची बायको ओट्यापाशी पाठ करून उभी होती. शिक्षकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी एकच विचारलं. ‘सर, तुम्ही इंजिनिअर आहात. आज इथं झोपायचं का, ते सांगा.’

हो म्हणायची हिंमत नव्हती, नाही म्हणायला पुरावा नव्हता. मी म्हणालो, ‘मी नसतो झोपलो.’ त्या संध्याकाळी दिवेलागणीच्या आत तिसरा आणि चौथा मजला रिकामा झाला. लोक गाद्या, सिलिंडर, देव घेऊन जिन्यानं उतरत होते आणि मी खाली पार्किंगमध्ये उभा होतो. एका माणसानं माझी कॉलर धरली, दुसऱ्यानं सोडवली. बाकीचे माझ्याकडं न बघता गेले. दुसऱ्या दिवशी महापालिकेत मी लेखी जबाब दिला. पुढं जे व्हायचं ते होईल.

आता सी विंग पूर्ण रिकामी आहे. गच्चीवरच्या टाक्या उतरवल्यात, तिसऱ्या मजल्यावर खांबांशेजारी लोखंडी टेकू उभे आहेत. तपासणाऱ्यांनी सातही खांबांतून नमुने काढून नेलेत, अहवाल यायचा आहे. नमुने काढले त्या दिवशी यंत्र खांबात शिरताना मी ऐकत होतो. भुसभुशीत आवाज आला की नुसता माझ्या कानांना तसा वाटला, कोण जाणे. वहिनी बंगल्यावर गेल्या. माझ्याशी बोलत नाहीत, पण चावी त्यांनी माझ्याकडेच ठेवली आहे, कारण तपासणीची माणसं येतील तेव्हा दार उघडायला कुणीतरी हवं, आणि त्या जिन्यानं वर चढायला दुसरं कुणी तयार नाही. मी लातूरला एका लॉजवर उतरलो आहे, सकाळी येतो, पाचला जातो.

परवा दुपारी माणसं यायला उशीर झाला. उभं राहून पाय भरून आले म्हणून अप्पांच्या खोलीत त्यांच्या पलंगावर आडवा झालो. पलंग विचित्र जागी आहे. खिडकीला वारा आहे, पंखा मधोमध आहे, आणि पलंग कोपऱ्यात खांबाला चिकटवून ठेवलेला. कुशीवर वळलो तर तोंडापुढं खांब आला. पांढऱ्या रंगावर, उशीपासून हातभर अंतरावर, एक तेलकट काळपट डाग होता. पंजाच्या आकाराचा, कडेला फिकट, मधे गडद, वर्षानुवर्षं तिथंच हात टेकवल्यानं पडतो तसा. अप्पा झोपताना खांबाला हात लावून झोपत असले पाहिजेत. हलतो का ते कळावं म्हणून, की त्याला धरून ठेवायला, हे आता विचारायला कुणी नाही. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली. मी डागावर हात ठेवला. खांब गार होता. काच थांबली, तरी मी हात काढला नाही... दार वाजेपर्यंत तसाच पडून राहिलो.